चतुरांबद्दल लोकांना सांगायचंय? मग त्यांना पाण्याच्या काठावर घेऊन जा

गणपतीच्या आसपास दरवर्षी कोणी ना कोणी विचारतंच, आमच्या शाळेत किंवा सोसायटीत किंवा गावात चतुरांवर, म्हणजे पाण्याकाठी भिरभिरणाऱ्या ड्रॅगनफ्लाय किड्यांवर, काहीतरी कार्यक्रम करायचाय, कुठून सुरू करू. प्रत्येकाला फोनवर तुकड्या-तुकड्यात सांगण्यापेक्षा एकदा सगळं नीट लिहून ठेवतो. ज्याला जेवढं जमेल तेवढं घ्या, आपल्या गावाप्रमाणे बदला.

पहिलीच गोष्ट, हॉलमध्ये स्लाइड शो करू नका. म्हणजे करा, पण शेवटी. रंगीत फोटो बघून लोक "वा काय सुंदर" म्हणतात, चहा पितात, घरी जातात, आणि पुढच्या महिन्यात त्याच गावाच्या तळ्याला चारी बाजूंनी सिमेंटची भिंत बांधायचं काम निघतं तेव्हा त्यातलं कोणीच काही बोलत नाही, कारण चतुराचा आणि त्या तळ्याच्या काठाचा काही संबंध आहे हे त्यांच्या डोक्यात गेलेलंच नसतं. आपण जो उडणारा चतुर बघतो तो त्याच्या आयुष्याचा शेवटचा थोडासा भाग, काही आठवड्यांचा. त्याआधी तो पाण्यात असतो, पिल्लू म्हणून, कोणी दीड-दोन महिने, आणि डोंगरातल्या ओढ्यांमधल्या काही जाती तर वर्षभर किंवा त्याहून जास्त. म्हणजे चतुर वाचवायचा असेल तर पाणी आणि पाण्याचा काठ वाचवायला लागतो. मला लोकांपर्यंत पोचवायची गोष्ट ही एवढीच आहे, आणि ती हॉलमध्ये पोचत नाही, काठावर उकिडवं बसून पोचते.

आधी स्वतः आठ-दहा ओळखायला शिका

भारतात चतुर आणि टाचण्या (त्यांचे बारीक भाऊबंद, इंग्रजीत डॅमसेलफ्लाय) मिळून जवळपास ५०० जाती आहेत, ते सगळं पाठ करायची अजिबात गरज नाही. तुमच्या घरापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरात नेहमी दिसणारे आठ-दहा आले की कार्यक्रम घेता येतो.

चतुर आणि टाचणी यातला फरक सोपा आहे. चतुर जाडसर, बसताना पंख आडवे पसरून बसतो आणि डोळे एवढे मोठे की बहुतेक जातींमध्ये डोक्यावर एकमेकांना टेकतात. टाचणी बारीक, बसताना बहुतेक वेळा पंख पाठीवर मिटते आणि डोळे डोक्याच्या दोन टोकांना लांब लांब. काही टाचण्या पंख अर्धवट उघडे ठेवतात, काही चतुरांचे डोळे टेकत नाहीत, पण ते अपवाद सुरुवातीला सांगत बसू नका, लोक गोंधळतात.

नावांचं म्हणाल तर मी इंग्रजी प्रचलित नावंच वापरतो, कारण फील्ड गाइडमध्ये आणि अॅपवर तीच सापडतात. घराच्या कंपाउंडवर, सिमेंटच्या टाकीवर, काळ्या दगडावर ठिपक्या-ठिपक्यांचा बसलेला आणि हलल्याशिवाय न दिसणारा तो ग्रॅनाइट घोस्ट. गटाराजवळ, घाण पाण्यावर केशरी पट्ट्याच्या पंखांचा तो डिच ज्वेल. लॉनवर, पायवाटेवर पायाशी खाली खाली उडतो तो ग्राउंड स्किमर. हिरवट-पिवळा-काळा, कंबर बारीक आणि दुसऱ्या चतुरांनाही पकडून खाणारा तो ग्रीन मार्श हॉक. भातखाचरात काळे-पांढरे पंख घेऊन भिरभिरणारा पाईड पॅडी स्किमर. फुलपाखरू वाटावं असा पिवळ्या-काळ्या पंखांचा कॉमन पिक्चर विंग. जांभळट गुलाबी नर म्हणजे क्रिमझन मार्श ग्लायडर. गवतात पिवळीधमक टाचणी दिसली तर बहुतेक कोरोमंडल मार्श डार्ट. आणि मोकळ्या माळावर, शाळेच्या ग्राउंडवर झुंडीने तासन्तास उडत राहणारे पिवळसर चतुर म्हणजे वाँडरिंग ग्लायडर, याच्याबद्दल पुढे वेगळं सांगतो.

एक लक्षात ठेवा, नर आणि मादी पुष्कळदा वेगळ्याच रंगाचे असतात. लालभडक नर आणि पिवळट तपकिरी मादी एकाच जातीची असू शकते, त्यामुळे समोर कोणी "या दोन वेगळ्या जाती का" विचारलं तर घाईने हो म्हणू नका, फोटो काढून ठेवा आणि नंतर बघून सांगतो म्हणा. लोकांना ते आवडतं, खोटं नाव फेकलेलं आवडत नाही.

पुस्तक हवं असेल तर के. ए. सुब्रमणियन यांचं द्वीपकल्पीय भारतातल्या चतुर-टाचण्यांवरचं २००५ सालचं फील्ड गाइड ई-बुक म्हणून निघालेलं आहे, फोटोंसकट, सुरुवातीला तेवढं भरपूर झालं. 'ओडोनाटा ऑफ इंडिया' ही वेबसाइट पण बघा, त्यावर प्रत्येक जातीचे भारतातले फोटो आहेत.

जागा आणि वेळ

ऑगस्टचा शेवट ते नोव्हेंबर हा आपल्याकडे सगळ्यात चांगला काळ. सकाळी साडेनऊ ते बारा. चतुराला उडायला ऊन लागतं, त्यामुळे पहाटे पक्षी बघायला नेतो तसं सहाला लोकांना उठवून नेऊ नका, काही दिसणार नाही आणि लोक वैतागतील. ढगाळ, रिपरिप पाऊस असेल तर सरळ पुढे ढकला. ऑक्टोबर हीटमध्ये अकरानंतर बघा, काही चतुर शेपटी सरळ वर सूर्याकडे करून बसतात, अंगावर कमीत कमी ऊन पडावं म्हणून, आणि हे पोरांना एकदा सांगितलं की ती दिवसभर तेच शोधत बसतात.

मोठ्या धरणाच्या भिंतीवर जाऊ नका, तिथे लाटा आणि दगड, फार काही नसतं. उथळ, गवताचा काठ असलेलं कुठलंही पाणी चालतं. गावतळं, ओढ्याचा संथ भाग, भाताची खाचरं, बारव, भंडारा-गोंदियाकडे असाल तर मामा (माजी मालगुजारी) तलाव, यासारखी जागा शोधून सापडणार नाही. एका वेळी दहा-पंधरा माणसं पुरे, त्याहून जास्त आली तर दोन गट करा, नाहीतर मागच्याला पुढच्याची पाठ दिसते फक्त.

मुलं असतील तर खोली स्वतः आदल्या दिवशी काठीने बघून या, कुठपर्यंत उतरायचं ती रेघ आखून द्या आणि प्रत्येक पाच-सहा मुलांमागे एक मोठं माणूस ठेवा. पुराचं पाणी नुकतं ओसरलं असेल तर पायाला जखम असलेल्या कोणालाही पाण्यात उतरू देऊ नका, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून जखमेवाटे होणारा ताप) भीती असते, कोकणात तर हे सांगायलाच नको. खासगी शेततळं किंवा विहीर असेल तर मालकाला आधी विचारा, आणि नुसतं विचारू नका, त्यालाच बरोबर घ्या. आणि अभयारण्यात, राखीव जंगलात वनखात्याच्या परवानगीशिवाय जाळी-ट्रे काही काढू नका.

काठावर गेल्यावर काय दाखवायचं

गेल्या गेल्या नावं सांगत सुटू नका. पंधरा मिनिटं लोकांना नुसतं बघू द्या. एकच काम द्या, एक चतुर निवडा आणि तो किती वेळा उडून परत त्याच काडीवर येऊन बसतो ते मोजा. यातून आपोआप प्रश्न येतात, तो परत तिथेच का येतो, दुसऱ्याला हाकलतो का, आणि तुम्ही सांगायच्या आत कोणीतरी म्हणतं की ही त्याची हद्द आहे. बरोबर, नर पाण्याजवळची जागा राखतात, मादी अंडी घालायला तिथेच येणार असते.

मग अंडी घालणारी मादी शोधा. पाण्याला शेपटीचं टोक टपटप लावत जाते ती. पुष्कळांना वाटतं ती पाणी पिते. काही टाचण्या पाणवनस्पतीच्या देठात अंडी खुपसतात, म्हणजे ते देठ नसतील तर अंडी कुठे घालणार, हा प्रश्न तिथल्या तिथे विचारा, उत्तर लोकच देतील.

आता मुख्य भाग, ट्रे. एक पांढरा पसरट ट्रे किंवा आईस्क्रीमचा पांढरा डबा, आणि घरातली मोठी चहाची गाळणी. काठाच्या पाणगवतातून गाळणी हळू फिरवायची, जे येईल ते ट्रेमध्ये तळ्याच्याच पाण्यात सोडायचं, आणि ट्रे सावलीत ठेवायचा. दोन मिनिटं काही हलत नाही, मग सगळं हलायला लागतं. चतुराचं पिल्लू मातकट, पसरट, सहा पायांचं, बघितल्यावर हा पुढे उडणार आहे यावर कोणाचा विश्वास बसत नाही. टाचणीचं पिल्लू काडीसारखं आणि मागे तीन पानांसारखे कल्ले. चतुराचे कल्ले आत असतात, गुदद्वारातून पाणी आत घेतं त्यातून श्वास घेतं आणि धोका वाटला की तेच पाणी जोरात मागे फेकून सटकन पुढे जातं, हे बघून पाचवीचा आख्खा वर्ग हसतो आणि कधीच विसरत नाही. त्याचा खालचा ओठ दुमडलेला असतो, भक्ष्य जवळ आलं की कोपरापासून हात झटकावा तसा पुढे फेकतं आणि पकडतं. ट्रेमध्ये डासाच्या अळ्या आल्या असतील तर हे प्रत्यक्ष दिसायची चांगली शक्यता असते. थांबा तिथे, घाई करू नका, ते एक दृश्य सगळ्या भाषणाचं काम करतं.

ट्रेचे नियम कडक ठेवा. मोठं आणि छोटं पिल्लू एकत्र ठेवू नका, ते एकमेकांना खातात. दहा मिनिटांच्या वर ठेवू नका. जिथून काढलं तिथेच सोडा. घरी बाटलीत न्यायला कोणी मागितलं तर नाही म्हणा, प्रेमाने पण नाही.

आणि कात शोधायला लावा. पिल्लू पूर्ण वाढलं की बहुतेक जाती रात्री किंवा भल्या पहाटे पाण्याबाहेर गवताच्या काडीवर, दगडावर, विहिरीच्या भिंतीवर चढतात, पाठ उकलते, चतुर बाहेर येतो आणि रिकामी कात तिथेच चिकटून राहते, आतून पांढरे दोरे लोंबत असतात. कात गोळा करायला काही हरकत नाही, कोणाला इजा नाही. आणि तिचं महत्त्व फार मोठं आहे, ते सगळ्यांना समजावून सांगा. उडणारा चतुर दुसरीकडून आलेला असू शकतो, पण कात सापडली म्हणजे तो इथेच, याच पाण्यात वाढला. ही कात काडेपेटीत कापूस घालून जपून ठेवा, तारीख आणि जागा लिहून, पुढे पंचायतीत लागणार आहे.

शेपटीला दोरा बांधणारी पोरं

गावात हमखास कोणीतरी चतुर पकडून दोरा बांधून "हेलिकॉप्टर" उडवणारा मुलगा असतो. त्याला ओरडू नका, सगळ्यांसमोर तर मुळीच नाही. चतुर न उडवता पकडता येणारं ते पोर म्हणजे तुमचा सगळ्यात तरबेज माणूस आहे, कोणता चतुर कुठे कधी बसतो हे त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं. त्यालाच मोजणीचा प्रमुख करा. दोरा बांधलेला चतुर शिकार करू शकत नाही, शेपटी तुटली की मरतो, हे शांतपणे सांगा आणि ट्रेमधलं पिल्लू त्याच्याच हाताने पाण्यात सोडायला लावा. माझा अनुभव आहे की अशी मुलं नंतर दुसऱ्यांचे दोरे सोडवत फिरतात.

लोक काय काय विचारतात आणि काय उत्तर द्यायचं

चावतो का? डंख नाही, विष नाही. हातात दाबून धरला तर मोठा चतुर जबड्याने चिमटा काढेल, तेही म्हणून धरूच नये.

एकच दिवस जगतो का? नाही. वर सांगितलंच, पाण्यातलं आयुष्य धरून महिने.

चतुर खाली उडायला लागले की पाऊस येतो का? आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी असं म्हणतात. यावर वाद घालू नका, उलट वहीत नोंदवायला सांगा, तारीख, चतुर कसे उडत होते, पाऊस आला का. मुलांना निरीक्षणाची सवय लागायला याहून चांगला विषय नाही.

डास खातो का? खातो. पिल्लू पाण्यात डासाच्या अळ्या खातं, मोठा चतुर हवेत डास आणि इतर किडे पकडतो. यावर एक खरी गोष्ट सांगण्यासारखी आहे. म्यानमारमध्ये यांगूनला संशोधकांनी वस्तीतल्या लोकांना बरोबर घेऊन घरातल्या पाण्याच्या साठ्यांमध्ये चतुराची पिल्लं सोडली होती, आणि डेंग्यूचा डास खूप कमी झाला, १९९० साली ते प्रसिद्धही झालं. जो चतुर वापरला तो क्रोकोथेमिस सर्व्हिलिया, आपल्याकडेही सगळीकडे दिसणारा लाल चतुर. पण व्हॉट्सअॅपवर फिरतं ना, एक चतुर रोज अमुक शेकडो डास खातो, ते आकडे वापरू नका. चतुर आले की डेंग्यू संपला असं कोणालाही सांगू नका, उद्या कोणाच्या घरी डेंग्यू झाला की तुमच्यावरचा सगळा विश्वास जातो आणि चतुरावरचाही.

वाँडरिंग ग्लायडरची गोष्ट जरूर सांगा

मालदीवमध्ये गोडं पाणी जमिनीवर जवळजवळ नाहीच, तरी दर ऑक्टोबरच्या सुमाराला तिथे चतुरांच्या झुंडी उतरतात. चार्ल्स अँडरसन नावाच्या तिथे राहणाऱ्या जीवशास्त्रज्ञाने वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या आणि २००९ साली मांडलं की हे चतुर भारताकडून समुद्र ओलांडून येतात आणि वाऱ्याबरोबर पुढे पूर्व आफ्रिकेपर्यंत जातात, आणि पुढच्या पिढ्या नैऋत्य मोसमी वाऱ्याबरोबर परत येतात. सगळा फेरा १४ ते १८ हजार किलोमीटरचा, एका चतुराचा नाही, काही पिढ्या मिळून. पावसाच्या तात्पुरत्या डबक्यात याचं पिल्लू दीड-दोन महिन्यांत तयार होतं म्हणून हे जमतं. शाळेत पृथ्वीगोल घेऊन जा आणि ग्राउंडवर उडणाऱ्या झुंडीकडे बोट दाखवून ही गोष्ट सांगा. डबकं म्हणजे फक्त डास हे जे डोक्यात बसलेलं असतं ते तिथे थोडं हलतं.

केरळमध्ये याच चतुराच्या शास्त्रीय नावावरून (पँटाला) पंतालू नावाचा शुभंकर करून २०२० साली तुंबी महोत्सव, म्हणजे चतुरांचा महोत्सव, घेतला होता. आपल्या राज्याने २०१५ साली ब्लू मॉरमॉन हे राज्यफुलपाखरू जाहीर केलं आणि त्यानंतर फुलपाखरांकडे लोकांचं लक्ष किती वाढलं ते आपण बघतोच, तसं चतुरांच्या वाट्यालाही यावं असं मला मनापासून वाटतं.

कोण दिसतं त्यावरून पाणी कसं आहे ते सांगता येतं

मोठ्या माणसांना पटवायला याच्याएवढं उपयोगी दुसरं काही नाही. डिच ज्वेल सांडपाण्यावरही मजेत असतो. एखाद्या ओढ्यावर तासभर फिरून फक्त डिच ज्वेल आणि दोन-तीन इतर चिवट जाती दिसल्या तर पाण्याचं काहीतरी बिघडलंय. तोच ओढा वर डोंगरात, सावलीतला, वाहता असेल तर तिथे दगडावर बसलेली स्ट्रीम रुबी दिसते, हिरव्या चकाकणाऱ्या पंखांची स्ट्रीम ग्लोरी दिसते. यांना स्वच्छ वाहतं पाणी आणि काठची झाडी लागते. जमलं तर लोकांना एकाच ओढ्यावर दोन जागी न्या, गावाच्या वर आणि गावाच्या खाली. दोन्हीकडे काय काय दिसलं ते दोन कागदांवर लिहून शेजारी शेजारी धरा. मग गावकरीच बोलायला लागतात, कोणाचं सांडपाणी कुठे सोडलंय, कोण गाड्या धुतं, वाळू कुठून उपसली. तुम्ही फक्त ऐका आणि लिहून घ्या.

आणि आपल्याकडे अजून काय काय सापडायचं बाकी आहे हे पण सांगा. सिंधुदुर्गातून २०१९ साली टाचणीची नवी जात जगासमोर आली, सिंधुदुर्ग मार्श डार्ट. २०२० साली कोकण किनारपट्टीतून खडकावर बसणारा नवा चतुर, ब्रॅडिनोपायगा कोकणेन्सिस. २०२१ साली साताऱ्याजवळच्या ठोसेघरच्या नावाने युफिया ठोसेघरेन्सिस ही टाचणी. तीन वर्षांत तीन, आणि आपल्या नेहमीच्या फिरायच्या भागातून! त्याच २०२१ च्या डिसेंबरमध्ये आययूसीएनने (आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने) जगातल्या चतुर-टाचण्यांचा पहिला पूर्ण आढावा जाहीर केला, ६,०१६ जातींपैकी १६ टक्के जाती नामशेष होण्याच्या धोक्यात, मुख्य कारण पाणथळ जागा संपणं. नाव द्यायच्या आधी जागा संपली तर काय करणार.

सोसायटीत

इथे लोकांची पहिली भीती डास, आणि ती भीती खरी आहे, तिला हसू नका. कोरडा दिवस पाळणं (आठवड्यातून एकदा साठवलेलं पाणी काढून भांडी कोरडी करणं), टाक्या झाकणं, कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या करणं, याला तुमचा पूर्ण पाठिंबा आहे हे आधी सांगा. मग सांगा की फॉगिंगचा धूर उडणाऱ्या डासाबरोबर चतुरालाही लागतो आणि पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात, त्यामुळे दर आठवड्याला सवय म्हणून फॉगिंग नको, महापालिकेने सांगितलं तेव्हाच.

कमळाचं टब ठेवायचं असेल तर किमान अडीच-तीन फूट रुंद, ऊन येणाऱ्या जागी, तळाशी माती, एक-दोन कमळं, थोडं हायड्रिला (पाण्यात वाढणारी वनस्पती), आणि पाण्याबाहेर डोकावणाऱ्या चार-पाच काड्या, पिल्लाला वर चढायला. मासे नको, मासे पिल्लं खातात. पिल्लं कुठून आणून सोडू नका, पाणी आवडलं तर चतुर स्वतः येतात, ग्रॅनाइट घोस्ट तर बहुतेक येतोच. डासाची अळी साधारण आठ-दहा दिवसांत डास होते, म्हणून दर आठवड्याला न चुकता गाळणी फिरवून बघायचं. एवढं करायला सोसायटीत कोणी नसेल तर टब ठेवूच नका. ज्या सोसायटीत एक जबाबदार आजोबा किंवा काकू आहेत तिथेच हे चालतं.

अजून एक, गाडीच्या चकचकीत बोनेटवर चतुर शेपटी टेकवताना पुष्कळांनी बघितलं असेल. पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश ज्या प्रकारचा असतो तसाच त्या चकाकीतून येतो, त्यावरूनच ते पाणी ओळखतात, म्हणून फसतात आणि अंडी वाया जातात. तळ्याच्या अगदी काठाला पार्किंग नको म्हणून सांगायला हे कारण चांगलं आहे, लोकांनी स्वतः बघितलेलं असतं.

शेतकऱ्यांशी बोलताना

उपदेश नको. फवारणी बंद करा म्हणणाऱ्याला कोणी बांधावर उभं करत नाही, आणि त्यांचं बरोबरच आहे, पीक त्यांचं जातं. दोनच गोष्टी मागा. फवारणीचा पंप आणि रिकामे डबे ओढ्यात, पाटात, विहिरीवर धुऊ नका. आणि ओढ्याच्या काठची दोन-चार हात रुंदीची पट्टी फवारणीतून आणि तणनाशकातून वगळा. प्लास्टिक अस्तराचं शेततळं असेल तर एका कोपऱ्यात काथ्याचा जाड दोर किंवा गोणपाट वरपासून पाण्यात सोडून ठेवायला सांगा, गुळगुळीत प्लास्टिकवर पिल्लाला चढता येत नाही, आणि पाण्यात पडलेला सरडा, खार यांनाही बाहेर यायला आधार होतो.

सुशोभीकरण

माझा सगळ्यात जास्त जीव इथे तुटतो. तळ्याचं सुशोभीकरण म्हणजे आजकाल चारी बाजूंनी उभी दगडी किंवा सिमेंटची भिंत, वर पेव्हर ब्लॉकचा ट्रॅक, रात्रभर जळणारे दिवे, मध्ये कारंजं. पाणी तेवढंच राहतं, पण उथळ काठ जातो, काठाचं गवत, लव्हाळा, पाणकणीस जातं, आणि त्याबरोबर अंडी घालायची जागा, पिल्लांची लपायची जागा, कात टाकायला चढायची काडी, सगळं एका झटक्यात जातं. नदीकाठाचं पण तेच. गाळ काढण्याला माझा विरोध नाही, तळं भरत आलं की गाळ काढायलाच लागतो, शेताला तो सोन्यासारखा उपयोगी. पण एका उन्हाळ्यात सगळं तळं खरवडू नका, अर्धं यंदा, अर्धं पुढच्या वर्षी. बारवा साफ करणाऱ्या मंडळांनाही हेच सांगतो, तुमचं काम फार मोलाचं आहे, फक्त सगळा पाला-गाळ एकाच दिवसात काढून ब्लिचिंग पावडर टाकू नका. जलपर्णी काढा, पण हाताने काढा, औषध मारून नको, आणि काढताना काठची साधी पाणगवतं तेवढी ठेवा.

विरोध करताना "काम थांबवा" अशी मागणी क्वचितच टिकते, तळ्याला निधी आलेला असतो, लोकांना फिरायला जागा हवी असते. त्यापेक्षा मोजता येईल अशी मागणी करा. तळ्याच्या काठापैकी एक तृतीयांश भाग उतरता, मातीचा, गवताचा राहील, तिथे भिंत नाही आणि दिवा नाही. मूर्ती आणि निर्माल्यासाठी वेगळा हौद. नैसर्गिक तळ्यात गप्पी मासे सोडायचे नाहीत, ते बंद हौदापुरते ठेवा. एवढंच, आणि नकाशावर रंगवून.

नोंदी, आणि २ ऑक्टोबर

एक ठरलेली शंभरेक मीटरची वाट घ्या, दर पंधरा दिवसांनी, त्याच वेळेला, पंधरा मिनिटं चाला, दिसले ते लिहा. फोटो तीन बाजूंनी काढा, वरून, बाजूने, आणि शेपटीच्या टोकाचा, पुष्कळ जाती त्या टोकावरूनच पक्क्या होतात. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या वेबसाइटवर टाका, जागा आणि तारखेसकट, ओळख पटवायला तिथे जाणकार मदत करतात. मोबाइलचे फोटो चालतात.

आता या सगळ्याचा उपयोग कसा करायचा. ग्रामसभा २ ऑक्टोबरला असते, आणि चतुरांचा हंगामही तेव्हाच भरात असतो. म्हणून काठावरचा कार्यक्रम सप्टेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात घ्या, दोन-तीन मोजण्या उरका, आणि सभेच्या आठ-दहा दिवस आधी सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (आधीचे ग्रामसेवक) विषय अजेंड्यावर घ्या म्हणून लेखी अर्ज द्या, पोच घ्या. अर्ज एका पानाचा, वर तळ्याचं नाव, खाली सापडलेल्या जातींची यादी फोटोंसकट, मग वरच्या मागण्या. सभेत तुम्ही बोलू नका, शाळेतल्या दोन मुलांना बोलू द्या, आणि कात असलेल्या काडेपेट्या सगळ्यांच्या हातात फिरवा. आपल्याच तळ्यात सापडलेली वस्तू हातात घेतल्यावर लोक विचारायला लागतात. ठराव झाला तर त्याची नक्कल मागून घ्या, त्यात काठाचा कोणता भाग, किती लांबी, हे शब्दांत लिहिलंय ना ते तिथेच वाचून बघा, आणि पुढे कंत्राटदार आला की त्याला पहिल्याच दिवशी ती नक्कल दाखवा, खोदकाम सुरू झाल्यावर नाही. शहरात असाल तर हेच सगळं वॉर्ड ऑफिस आणि उद्यान विभागाकडे, फक्त तिथे टेंडर निघायच्या आधी गाठायला लागतं, म्हणून उन्हाळ्यातच चौकशी करून ठेवा.